लेकरू कशासाठी? : प्रस्तावना

अमरावती जिल्ह्यातल्या वरूडमध्ये लग्न होऊन आलेल्या सुनेला पहिल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवातच एक प्रश्न भेटतो, "काही विशेष?" दुसऱ्या संक्रांतीला तोच प्रश्न सासूला विचारला जातो. एक लेकरू झालं की "आता दुसरं कवा?", दोन्ही मुली झाल्या की "मंग आता?", आणि तीन-चार वर्षं काहीच झालं नाही की विचारणं बंद होतं, नुसतं पाहणं उरतं. आरोग्य उपकेंद्रातल्या नर्सताई नोंदवहीत लिहितात, जिवंत मुलं किती, धाकटं केवढं, ऑपरेशन झालं का. ग्रामपंचायतीला उभं राहायचं तर किती अपत्यं आहेत ते लिहून द्यावं लागतं. सरकारी नोकरीत लागणारा पोरगा लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र भरून देतो. किती, कवा, पोरगा की पोरगी, या तीन प्रश्नांची उत्तरं घरातल्या, गावातल्या, तहसिलीतल्या सगळ्यांना ठाऊक असतात. मूल हवं ते कशासाठी, हे मात्र ज्यांना ते होणार त्यांनाही कोणी विचारलेलं नसतं. हे पुस्तक तेवढं एकच विचारण्यासाठी केलं आहे.

"यात काय इचाराचं?" हे बहुतेक ठिकाणचं पहिलं उत्तर होतं. त्यामागोमाग येणारी उत्तरंही ठरलेली: लेकराबिगर घर खायले उठते, बुढापकाळी कोन पाहीन, नाव कोन चालवन, लोकं काय म्हनतीन. ही उत्तरं खोटी नाहीत आणि या पुस्तकात त्यांना हलकं लेखलेलं नाही. पण चहा झाला, पुरुषमंडळी वावरात गेली, की दुसरी उत्तरं यायला लागतात. एकीला सासरी स्वतःचं म्हणावं असं कोणी नव्हतं, म्हणून मूल हवं होतं. एकीला दुसरं नकोच होतं, पहिली मुलगी म्हणून ते झालं. एकीला नवरा गेल्यावर लेकरापायी जगावं लागलं आणि आता ती म्हणते, तेच बरं झालं. "माह्या मनात काय होतं ते मले कोनी इचारलंच नाही," हे वाक्य तर इतक्या जणींच्या तोंडून आलं की शेवटी पुस्तकाचा पहिला भाग त्यावरच उभा राहिला. विषयाची सुरुवात या दुसऱ्या उत्तरांपासून होते.

प्रश्न नवा वाटतो, कारण निवड नवी आहे. वरूडच्या संत्र्याच्या पट्ट्यातलं एक घर घ्या. पुस्तकात ते नाव-गाव बदलून आलं आहे. आजीला आठ बाळंतपणं झाली, जगली पाच. का, असं विचारल्यावर ती म्हणते, "देवानं देल्ली, आपुन वाढवली." तिच्या मुलानं दोन मुलगे आणि एक मुलगी झाल्यावर बायकोचं ऑपरेशन करून घेतलं, सातबारावर भावांची नावं चढताना बगिच्याचे किती तुकडे झाले ते त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याचा मुलगा पुण्याला कंपनीत आहे, दोघं नवरा-बायको नोकरी करतात, एक मुलगी आहे, आणि दुसऱ्याबद्दल विचारलं की तो आधी शाळेची फी सांगतो, मग फ्लॅटचा हप्ता. आजीच्या काळी सात-आठ वर्षांचं पोर ढोरं वळायचं, ओलिताच्या दांडावर उभं राहायचं, संत्री वेचायचं. आता आंबिया बहराचा बगीचा झाडावरच व्यापाऱ्याला देऊन टाकतात, तोडणीची माणसं व्यापारी आणतो, पाणी ठिबकनं जातं. तालुका पाण्याच्या बाबतीत 'डार्क झोन' ठरलेला, त्यामुळे पैसा एकीकडे बोअरच्या खोलीत जातो आणि दुसरीकडे पोराच्या शिकवणीत. कामाला येणारं लेकरू दोन पिढ्यांत खर्चाचं लेकरू झालं. तरीही ते हवं असतं, आणि आजीला हवं होतं त्याहून कदाचित जास्त आतुरतेनं. असं का, हे समजून घेणं म्हणजेच या विषयाचा अभ्यास.

आपल्या परंपरेनं उत्तर फार आधी देऊन ठेवलं होतं: माणूस तीन ऋणं घेऊन जन्मतो, त्यातलं पितृऋण पुत्र झाल्यावरच फिटतं. महाभारताच्या आदिपर्वात जरत्कारू नावाचा तपस्वी हिंडता हिंडता एका खड्ड्यापाशी येतो. आत त्याचे पूर्वज गवताच्या एका काडीला धरून उलटे लोंबकळत असतात आणि ती काडी एक उंदीर कुरतडत असतो. वंशात उरलेला एकटा जरत्कारू लग्न करत नाही, म्हणून आपली ही गत, असं ते सांगतात. मग तो लग्न करतो आणि आस्तिकाचा जन्म होतो. मूल इथं कोणासाठी आहे ते स्पष्ट आहे: मेलेल्यांसाठी. त्या मुलाच्या आईला काय हवं होतं, याला कथेत फार जागा नाही.

पण याच मातीत दुसरी वाटही होती, हे आपण विसरतो. वरूडपासून फार लांब नसलेलं रिद्धपूर हे महानुभावांचं मोठं स्थान. गोविंदप्रभू इथले, म्हाइंभटांनी तेराव्या शतकात लीळाचरित्र सिद्ध केलं ते इथंच. त्या पंथात बायका संन्यास घेत होत्या, शास्त्रचर्चा करत होत्या, प्रश्न विचारत होत्या. मराठीतली आद्य कवयित्री महदंबा त्यांतलीच. आईपणाशिवाय बाईचा जन्म सार्थ होऊ शकतो, हा विचार वऱ्हाडाला पाश्चात्त्यांकडून उसना घ्यावा लागलेला नाही. तो सातशे वर्षांपूर्वी इथं जगला गेला आहे. फक्त त्यासाठी संसार सोडावा लागत होता. संसारात राहून मूल न होऊ देणं किंवा हवं तेव्हा होऊ देणं, ही गोष्ट विसाव्या शतकाची.

तिची मराठीतली सुरुवात एका माणसाच्या नावावर आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. लंडनमध्ये मारी स्टोप्स यांचं केंद्र निघालं तेही त्याच वर्षी. महर्षी कर्व्यांचा हा मुलगा गणिताचा प्राध्यापक होता. या कामापायी त्याची नोकरी गेली. जुलै १९२७ पासून १९५३ मध्ये मरेपर्यंत तो 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवत राहिला. त्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्याच्या बाजूनं डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले आणि हरले. रघुनाथराव आणि मालतीबाई यांनी ठरवून स्वतःला मूल होऊ दिलं नाही. कर्व्यांचं ऋण आपण साधनांच्या प्रचारापुरतं मानतो. मला त्यांचं मोठेपण दुसऱ्या ठिकाणी दिसतं. कामसुख वेगळं आणि प्रजोत्पादन वेगळं, असं त्यांनी उघड म्हटलं आणि त्यामुळे 'मूल कशासाठी' हा प्रश्न पहिल्यांदा शक्य झाला. जे आपोआप होतं त्याचं कारण कोणी विचारत नाही; जे टाळता येतं त्याचं विचारावं लागतं.

विरोधही तितकाच मनापासूनचा होता. १९३५ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या मार्गारेट सँगर वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटल्या. संयम हाच एक मार्ग, कृत्रिम साधनांनी माणूस घसरेल, असं गांधीजींचं म्हणणं. बायकांना एवढा वेळ थांबता येणार नाही, असं सँगर यांचं. दोघांचं जमलं नाही. तीन वर्षांनी, १० नोव्हेंबर १९३८ रोजी, आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षानं मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आणला. पी. जे. रोहम यांनी तो मांडला. त्यातला एक युक्तिवाद आजही वाचावा असा आहे: बाळंतपणाच्या कळा पुरुषांना सोसाव्या लागत्या, तर एकाहून जास्त मुलं कोणी होऊ दिली नसती, अशा आशयाचा. ठराव मोठ्या मताधिक्यानं फेटाळला गेला. ज्याच्या अंगावर भार त्याचं म्हणणं आधी ऐका, हे तिथं विधिमंडळात बोललं गेलं.

स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न सरकारच्या हाती गेला आणि तिथं तो आकड्यांचा झाला. १९५२ साली भारतानं राष्ट्रीय कुटुंबनियोजन कार्यक्रम सुरू केला. जगात असं करणारा हा पहिला देश. लाल त्रिकोण एसटी स्टँडच्या भिंतीपासून आगपेटीपर्यंत पोचला. आणीबाणीत १९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक १९७६ मध्ये मंजूर करणारं राज्य महाराष्ट्रच होतं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यानं ते अमलात आलं नाही. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालेल्याला पंचायतीची निवडणूक लढवता येणार नाही, अशी तरतूद झाली. २००५ च्या नियमांनी ती अट सरकारी नोकरीलाही लागली. त्या नियमांनी गावांत काय झालं, किती बायकांनी तिसरं बाळंतपण लपवलं, किती लेकरं नात्यात 'दिली' गेली, हे आपल्या पट्ट्यातल्या राजकारणाशी जवळीक असलेला कोणीही सांगेल. आणीबाणीनं पुरुषाच्या शरीराला हात लावला तेव्हा सरकार पडलं. त्यानंतर सगळा भार बाईकडे सरकला, आणि त्याबद्दल तेवढा आवाज कधी झाला नाही. राज्यातल्या जवळपास निम्म्या विवाहित बायकांची नसबंदी झालेली आहे; पुरुषांच्या नसबंदीचं प्रमाण शंभरात एकाहूनही कमी आहे.

आकडा मात्र खाली आला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात १९९२-९३ मध्ये बाईमागे सरासरी २.९ मुलं होत होती, २०१९-२१ मध्ये १.७. लोकसंख्या स्थिर राहायला २.१ लागतात. म्हणजे ज्या राज्यात 'दोन पुरे' शिकवायला पन्नास वर्षं गेली, तिथं आता सरासरी दोनही होत नाहीत. सरकारच्या मोहिमेमुळेच हे झालं असं मानणं भाबडेपणाचं आहे. ते कशानं झालं, याची उत्तरं शोधणाऱ्या विचारधारा अनेक आहेत आणि नव्या वाचकाला त्यांची ओळख हवी.

माल्थसपासून सुरुवात करण्याची पद्धत आहे. पण १७९८ च्या त्याच्या निबंधात माणसं मुलं का होऊ देतात याचा विचार जवळपास नाही. ती होतात आणि अन्न पुरत नाही, एवढंच. त्या दृष्टीला खरा धक्का दिला महमूद ममदानी यांच्या १९७२ च्या पुस्तकानं. पंजाबच्या खन्ना भागात अमेरिकी संशोधकांनी वर्षानुवर्षं संततिनियमनाच्या गोळ्या वाटल्या होत्या. लोकांनी त्या घेतल्या, आभार मानले आणि वापरल्या नाहीत. ममदानी मनुपूर या गावी गेले आणि त्यांना दिसलं की शेतकऱ्याला मुलं हवी होती, कारण मजूर परवडत नव्हता. मोठं कुटुंब म्हणून गरिबी आहे, असं शहाणे सांगत होते. गरिबी आहे म्हणून मोठं कुटुंब लागतं, असं गाव सांगत होतं. मला हे पुस्तक या विषयातलं सर्वांत नम्र करणारं वाटतं. एखादी बाई तुमच्या दृष्टीनं चुकीचा निर्णय घेत असेल, तर आधी तिचं गणित विचारा, ही शिस्त त्यानं लावली.

ऑस्ट्रेलियाचे जॉन काल्डवेल यांनी पश्चिम आफ्रिकेतल्या कामावरून १९७६ मध्ये तेच व्यापक करून मांडलं. जोवर कष्ट आणि पैसा मुलांकडून मायबापांकडे वाहतो, तोवर जास्त मुलं शहाणपणाची; शाळा आली की ओघ उलटा होतो आणि संख्या घटते. वरूडच्या त्या घरात हा ओघ नेमका आजी आणि तिचा मुलगा यांच्या मध्ये उलटला. अमेरिकेचे अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६० पासून जे मांडलं ते जास्त कोरडं: मायबाप संख्या आणि 'दर्जा' यांच्यात निवड करतात, उत्पन्न वाढलं की एकेका मुलावर जास्त खर्च करतात. त्यांची भाषा मला रुचत नाही, पण अमरावतीच्या शिकवणी वर्गांच्या गल्लीत उभं राहिलं की ती नाकारताही येत नाही. अलका बसू आणि सोनालदे देसाई यांनी भारतातल्या एकाच मुलावर थांबणाऱ्या कुटुंबांचा अभ्यास केला. ही जोडपी स्वतःच्या मौजेसाठी किंवा बाईच्या नोकरीसाठी थांबलेली नव्हती. बहुतेकांचं सारं लक्ष त्या एका लेकराच्या शिक्षणावर होतं. युरोपात लेस्थेघे आणि व्हॅन डे का यांनी १९८६ मध्ये 'दुसऱ्या लोकसंख्या संक्रमणा'ची कल्पना मांडली, तिथं घटीचं कारण व्यक्तीचं स्वातंत्र्य आणि आत्मशोध असं दिसलं. आपल्याकडे आकडा तिथल्याइतका खाली आला, पण तिथल्या कारणानं आला नाही. एक मूल असलेला वरूडचा बाप स्वतःला शोधत नसतो. तो मुलाला गावाबाहेर काढत असतो.

आता उरतो तो भाग, जो अर्थशास्त्र पुरा करू शकत नाही. मूल जर तोट्याचंच आहे, तर शून्यच का नाही? व्हिव्हियाना झेलायझर यांचं १९८५ चं पुस्तक इथं उपयोगी पडतं. १८७० ते १९३० या काळात अमेरिकेत बालमजुरी हटत गेली, मूल कमाईच्या दृष्टीनं निरुपयोगी झालं आणि त्याच काळात ते 'अमोल' झालं. त्याच्या मृत्यूची नुकसानभरपाई कोर्टं वाढवत गेली, त्याच्यावर पवित्रतेचं वलय चढलं. तुर्कस्तानच्या मानसशास्त्रज्ञ चीदेम कायितचिबाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्तरच्या दशकापासून अनेक देशांत मायबापांना थेट विचारलं, मुलाचं तुम्हाला मोल काय. शिक्षण वाढलं तशी 'म्हातारपणचा आधार' यासारखी कारणं मागं पडली आणि आनंद, सोबत, माया, आपल्या डोळ्यांपुढं कोणी वाढताना पाहणं ही पुढं आली. आणि त्याबरोबर मुलगाच हवा हा आग्रहही कमी झाला. यामागचा विचार साधा आहे: शेती, आधार आणि नाव यांसाठी मुलगा लागतो, मायेला मुलगी पुरते.

महाराष्ट्रानं या वाटेत मधेच एक भयंकर वळण घेतलं, हे इथं स्पष्ट लिहिलं पाहिजे. दोनच मुलं हवीत आणि त्यांत एक मुलगा हवाच, या दोन अटी एकत्र आल्या की सोनोग्राफीचं यंत्र काय करतं ते आपण पाहिलं. गर्भलिंग चाचणीवर निर्बंध आणणारा देशातला पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्रानंच केला, तरी २००१ मध्ये हजार मुलांमागे ९१३ असलेल्या शून्य ते सहा वयाच्या मुली २०११ मध्ये ८९४ वर आल्या. छोट्या कुटुंबाची प्रगती मोजताना हा आकडा शेजारी ठेवलाच पाहिजे. आज त्याचीच किंमत वऱ्हाडातली, मराठवाड्यातली, सोलापूरची लग्नाळू कास्तकार पोरं भरत आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात अविवाहित तरुणांनी नवरदेवाच्या पोशाखात कलेक्टर कचेरीवर मोर्चा काढला. त्याच्या बातम्या गमतीच्या सुरात छापून आल्या. त्यात गंमत काहीच नव्हती. शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळत नाही, या वाक्यात पिकाचा भाव आहे, मुलींचं शिक्षण आहे आणि न जन्मलेल्या मुलीही आहेत.

आपल्याच अमरावती जिल्ह्याचं दुसरं टोक मेळघाट. वरूडहून निघून परतवाडा ओलांडून घाट चढलं की धारणी-चिखलदऱ्याची कोरकू गावं लागतात. १९९३ पासून तिथले बालमृत्यू बातमी होत आले आहेत. तिथल्या बाईला पाच मुलं का झाली असं विचारणाऱ्याला आधी तिची किती जगली ते ऐकावं लागतं. मूल मरण्याची भीती कमी झाली की संख्या कमी होते, हे लोकसंख्याशास्त्रातलं जुनं निरीक्षण आहे आणि ते महाराष्ट्रानं स्वतः अनुभवलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळं घरच्या घरी वाचवून दाखवली. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्याचा शोधनिबंध आला आणि पुढं ती पद्धत देशभर गेली. २०२० मध्ये महाराष्ट्राचा अर्भकमृत्युदर हजारी १६ पर्यंत उतरला होता. जे जन्मेल ते जगेल, हा विश्वास ही निवडीची पहिली अट आहे. एकाच जिल्ह्यात काही घरांना तो मिळाला आणि काहींना पुरता नाही, म्हणून या पुस्तकात वरूड आणि मेळघाट शेजारी शेजारी ठेवले आहेत.

स्त्रीवादी विचारानं या सगळ्याला वेगळं वळण दिलं आणि त्याचीही सुरुवात वऱ्हाडातच शोधता येते. सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेला आपल्या अनौरस बाळाच्या हत्येबद्दल शिक्षा झाली, त्या खटल्याच्या गाजावाजानंतर १८८२ मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिली. कोणत्या बाईचं मूल सोहळ्याचं आणि कोणत्या बाईचं मरणाचं, हे कोण ठरवतं, हा प्रश्न त्या पुस्तकाच्या मुळाशी आहे. त्याआधी १८६३ मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. स्वतःला मूल नसलेल्या त्या दोघांनी तिथं बाळंत झालेल्या काशीबाईंचा यशवंत दत्तक घेतला आणि मृत्युपत्रात त्यालाच वारस केलं. पुढं शंभरेक वर्षांनी, १९७६ मध्ये, अमेरिकी कवयित्री एड्रिएन रिच यांनी आईपणाचा अनुभव आणि आईपणाची संस्था यांत फरक करायला सांगितलं. पहिल्यात आनंद असू शकतो, दुसरीत सक्ती असते. आपल्याकडे डोहाळजेवणात ओटी भरली जाते तेव्हा त्या दोन्ही एकाच ताटात येतात. ज्या बाईला त्या कार्यक्रमाला बोलावलंच जात नाही तिच्याशी बोललं की संस्था म्हणजे काय ते कळतं. १९८६ साली ६ ऑगस्टला मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं, तेव्हा अशा बायकांना आशा मिळाली. आता अमरावती-नागपूर रस्त्यावर आयव्हीएफची होर्डिंग्ज आहेत, आणि बगीचा गहाण ठेवून उपचार घेणारी जोडपीही आहेत. तपासणी मात्र पहिली बाईचीच होते.

तत्त्वज्ञांनी अलीकडे हा प्रश्न मुळापासून उकरला आहे. डेव्हिड बेनाटार यांनी २००६ मध्ये म्हटलं की जन्माला घालणं हेच अहिताचं. २०१९ मध्ये मुंबईच्या एका तरुणानं आपल्याला विचारल्याशिवाय जन्म दिला म्हणून मायबापांवर दावा करायची भाषा केली ती याच विचारातून. क्रिस्टीन ओव्हरॉल यांनी २०१२ मध्ये उलट बाजूनं विचारलं: मूल न होऊ देणाऱ्यालाच का कारण विचारता, होऊ देणाऱ्याला का नाही? एल. ए. पॉल यांचं म्हणणं मला जास्त पटतं. मूल झाल्यावर माणूसच बदलतो, म्हणून आधीच्या माणसाच्या आवडीनिवडींवरून हा हिशेब पुरा मांडताच येत नाही. आमच्याशी बोललेल्या अनेक आयांनी हेच आपल्या शब्दांत सांगितलं: झाल्यावर कळलं. म्हणून 'का'चं संपूर्ण उत्तर कोणाकडून मागणं अन्यायाचं आहे. पण प्रश्न विचारणं आणि उत्तर ऐकून घेणं वेगळं. तेवढा हक्क प्रत्येकीला आहे.

आणि मूल हवं याचा अर्थ स्वतःच्या पोटचंच हवं असा होतो का? अचलपूर तालुक्यातल्या वझ्झरला शंकरबाबा पापळकर यांनी रेल्वे स्टेशनांवर, बसस्टँडवर, कचराकुंड्यांजवळ टाकून दिलेली दिव्यांग मुलं वाढवली. शंभराहून अधिक मुलांच्या कागदपत्रांवर बाप म्हणून शंकरबाबांचं नाव आहे. त्यांनी त्यांना झाडं लावायला शिकवलं, अनेकांची लग्नं लावली, आणि अठरा वर्षं झाली की संस्थेबाहेर काढणाऱ्या नियमाविरुद्ध वर्षानुवर्षं भांडत राहिले. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पितृऋण, म्हातारपणाचा आधार, दर्जा, गुंतवणूक, यांतलं एकही कारण वझ्झरला लागू होत नाही. तरी तिथं बाप आहे आणि लेकरं आहेत. या विषयावरचा कोणताही सिद्धांत वझ्झरचं स्पष्टीकरण देऊ शकत नसेल तर तो अपुरा आहे, असं मी मानतो.

हे सगळं आताच का? कारण वारं पुन्हा फिरलं आहे. दक्षिण कोरियात २०२३ मध्ये बाईमागे ०.७२ मुलं झाली. १ डिसेंबर २०२४ रोजी नागपुरात सरसंघचालक मोहन भागवत यांनी हा दर २.१ च्या खाली जाऊ नये, असं सांगितलं. त्याच्या आधीच्याच महिन्यात आंध्र प्रदेशानं पंचायत निवडणुकीतली दोन मुलांची अट काढून टाकली. काल ज्या बाईला तिसरं नको म्हणून सांगितलं गेलं, तिच्या मुलीला उद्या तिसरं होऊ दे म्हणून सांगितलं जाईल. समाज म्हातारा होतो आहे, ही चिंता खरी आहे; वरूडच्या कितीतरी घरांत आज दोनच म्हातारी माणसं आहेत आणि लेकरं व्हिडिओ कॉलवर. पण कोणाच्याही देशासाठी, धर्मासाठी किंवा पेन्शनच्या हिशेबासाठी मूल जन्माला घालणं हे जरत्कारूच्या पूर्वजांचंच म्हणणं आहे, फक्त पूर्वजांच्या जागी सरकार आलं. मूल हवं असणं ही माणसाची फार मोठी आणि चांगली इच्छा आहे, असं माझं मत आहे. म्हणूनच ती कोणाच्या दबावाखाली नसावी, आणि ती नसणाऱ्यांना कोणापुढं खुलासा द्यावा लागू नये.

पुस्तकाची मांडणी याच विचारानं केली आहे. यात शेतकरी, शिक्षिका, शेतमजूर बायका, कोरकू आया, पुण्या-मुंबईला गेलेली वरूडची मुलं, मूल दत्तक घेतलेली जोडपी, लग्न न झालेले पुरुष आणि मूल नको म्हणणाऱ्या दोघी आहेत. मधे मधे अभ्यासकांचे लेख आहेत, त्यांत वर उल्लेखलेल्या विचारधारांची सविस्तर चिकित्सा येते. बोलणं ज्याच्या त्याच्या बोलीत ठेवलं. वऱ्हाडीला प्रमाण मराठीत आणलं तर कारणाचा सूर बदलतो, हे पहिल्याच टिपणावरून दिसलं होतं. नावं सगळ्यांची बदलली आहेत. बायकांची मनोगतं आधी घेतली आणि पुरुषांची नंतर, कारण नवरा शेजारी बसला की तो 'आमचं ठरलं' असं सांगायचा आणि बायको मान हलवायची. दोघं वेगवेगळे बोलले तेव्हा एकाच लेकराची दोन कारणं निघाली. ती दोन्ही जशी सांगितली तशी छापली आहेत, समोरासमोरच्या पानांवर.